कानातल्या मायकवरचं रेकॉर्डिंग हेडफोनवर डोक्याच्या आतच का ऐकू येतं?

रानवाट (प्रश्न)

हेडफोन लावून ऐकणाऱ्याला आपण त्या जागीच बसलो आहोत असं वाटावं, असं ध्वनिमुद्रण करायचं आहे. विषय तीन: जंगलातली पहाट, पाऊस आणि बारा-पंधरा जणांच्या गायनसमूहाची तालीम.

सध्याची जुळणी अशी आहे. १० मिलिमीटर व्यासाच्या दोन इलेक्ट्रेट कॅप्सूल (मायकचा आवाज टिपणारा भाग), डेटाशीटवर सिग्नल-टू-नॉइज (आवाज आणि मायकची स्वतःची सूंऽऽ यांतलं अंतर) ६० डेसिबल. त्या कानावर अडकवायच्या हुकवर बसवल्या आहेत, तोंड बाहेरच्या बाजूला. साडेतीन मिलिमीटरच्या स्टिरिओ जॅकमधून हातात मावणाऱ्या रेकॉर्डरला जोडल्या आहेत, प्लग-इन पॉवर (जॅकमधूनच मायकला मिळणारी वीज) चालू. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. नंतर कॉम्प्युटरवर नॉइज रिडक्शन, थोडं कॉम्प्रेशन आणि शेवटी १२८ केबीपीएसची एमपीथ्री. ऐकणं ब्लूटूथ इअरबडवर, त्यातलं 'स्पेशिअल ऑडिओ' चालू ठेवून.

डावं-उजवं नीट कळतं. पण समोरचा आवाज एकतर कपाळाच्या आत येतो, नाहीतर थेट मागे जातो. सगळं चित्र किंचित डावीकडे झुकलेलं वाटतं. आणि पहाटेच्या शांततेत मायकची सूंऽऽ पक्ष्यांच्या वर चढते. डमी हेड (कानांत मायक बसवलेलं कृत्रिम डोकं) बनवावं, सगळ्या दिशांचा आवाज टिपणारा चार कॅप्सूलचा ॲम्बिसॉनिक मायक घ्यावा, की आहे त्यातूनच काही निघेल?

कर्णपाळी

आहे त्यातून बरंच निघेल. आधी साखळी दुरुस्त करा, मग नवीन मायकचा विचार करा. नाहीतर महागडा मायकही याच साखळीतून जाऊन असाच वाजेल.

दिशा कळते ती दोन कानांपर्यंत पोचणाऱ्या आवाजातल्या फरकावरून, आणि हा फरक किती बारीक असतो ते आकड्यांत पाहा. डोक्याची त्रिज्या ८.७५ सेंटिमीटर धरली, तर अगदी बाजूने येणाऱ्या आवाजाला पलीकडच्या कानापर्यंत डोक्याला वळसा घालून सुमारे २२.५ सेंटिमीटर जास्त जावं लागतं, म्हणजे ०.६६ मिलिसेकंद उशीर. ४८ किलोहर्ट्झला हे जेमतेम ३१ सॅम्पल झाले. आणि कानाला यातला १० मायक्रोसेकंदांच्या आसपासचा बदलही कळतो, म्हणजे अर्धं सॅम्पल. साधारण १.५ किलोहर्ट्झच्या खाली हा वेळेचा फरक काम करतो. त्याच्या वर डोक्याची सावली पडते आणि पातळीतला फरक महत्त्वाचा ठरतो. ही विभागणी लॉर्ड रेले यांनी १९०७ मध्ये मांडली होती आणि पाया म्हणून ती अजूनही टिकून आहे.

आता तुमच्या साखळीत हा फरक कुठे कुठे मोडतो ते पाहू.

सगळ्यात मोठा घोटाळा 'स्पेशिअल ऑडिओ'चा. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये डोक्याचा परिणाम आधीच आलेला आहे. इअरबड त्याला साधं स्टिरिओ समजतो, दोन काल्पनिक स्पीकर समोर मांडतो आणि त्यावर दुसऱ्या एका डोक्याचा परिणाम चढवतो. डाव्या कानासाठीचा आवाज उजव्या कानातही झिरपतो आणि वेळेचा फरक धुऊन जातो. बायनॉरल (दोन कानांशी मायक ठेवून घेतलेलं) रेकॉर्डिंग ऐकताना स्पेशिअल, सराउंड, थ्रीडी, क्रॉसफीड, बास बूस्ट यांतलं जे जे असेल ते सगळं बंद. फोनच्या सेटिंगमध्ये आणि इअरबडच्या ॲपमध्ये असं दोन्हीकडे तपासा. 'मोनो ऑडिओ'चं बटणही एकदा बघून घ्या.

नॉइज रिडक्शन दोन्ही चॅनेलवर स्वतंत्र चालतं. उजव्या बाजूच्या एखाद्या बँडला (सुरांच्या पट्ट्याला) ते आवाज समजून ठेवतं, डावीकडच्या त्याच बँडला नॉइज समजून कापतं, आणि पक्ष्याची जागा शिट्टीगणिक हलते. त्यापेक्षा किंचित सूंऽऽ परवडली.

कॉम्प्रेसर वापरायचाच असेल तर दोन्ही चॅनेल लिंक करून. लिंक नसेल तर उजवीकडे मोठा आवाज झाला की फक्त उजवा चॅनेल दबतो आणि पार्श्वभूमीचा पाऊस तेवढ्यापुरता डावीकडे सरकतो. माझं मत विचाराल तर निसर्गाच्या रेकॉर्डिंगवर कॉम्प्रेशन नकोच. लांबचं आणि जवळचं यातलं अंतर बरंचसं पातळीवरूनच कळतं, ते का सपाट करायचं?

एमपीथ्रीबद्दल थोडं बारकाईने. जॉइंट स्टिरिओतली मिड-साइड पद्धत (दोन चॅनेलऐवजी त्यांची बेरीज म्हणजे मिड आणि वजाबाकी म्हणजे साइड साठवणारी) मुळात वाईट नाही, ती उलटी फिरवली की मूळ चॅनेल परत मिळतात. पण १२८ केबीपीएसला बिट अपुरे पडतात, साइडच्या वाट्याला थोडे येतात आणि दिशेची माहिती नेमकी तिथेच असते. त्याहून कमी बिटरेटला काही एन्कोडर इंटेन्सिटी स्टिरिओ लावतात, मग वरच्या पट्टीतला फेज (दोन चॅनेलच्या लाटांमधला वेळेचा फरक) उरतच नाही. फ्लॅक किंवा वेव्ह ठेवा. लॉसी फाइल द्यावीच लागली तर २५६ केबीपीएसच्या खाली उतरू नका.

समोरच्या आवाजाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. नाकाच्या सरळ रेषेत समोर, वर आणि मागे अशा तिन्ही जागांवरून दोन्ही कानांना आवाज एकाच वेळी आणि एकाच पातळीत मिळतो. तिथे दिशा ठरते ती कर्णपाळीच्या (बाहेर दिसणाऱ्या कानाच्या) घड्यांमुळे ४-५ किलोहर्ट्झच्या वर जे उंचवटे आणि खड्डे तयार होतात त्यांवरून. तुमच्या कॅप्सूल हुकवर, पाळीच्या बाहेर आहेत. म्हणजे पाळीचा हा शिक्का रेकॉर्डिंगमध्ये उमटतच नाही. कॅप्सूलचं तोंड कानाच्या नळीच्या मुखाशी आलं पाहिजे, नळी बंद करून. बंद मुखाशी घेतलेल्या आवाजात दिशेची माहिती पूर्ण असते. नळीच्या आत खोल गेलात तर सुमारे २.५ ते ३ किलोहर्ट्झचा नळीचा अनुनाद रेकॉर्ड होतो, आणि हेडफोनवर ऐकणाऱ्याची स्वतःची नळी तो दुसऱ्यांदा चढवते. मग आवाज कर्कश होतो.

१० मिलिमीटरची कॅप्सूल या जागेसाठी मोठी आहे. ती कानाची वाटीच भरून टाकते, आणि वाटी भरली की वर सांगितलेले खड्डे-उंचवटे बदलतात. स्वतःच्या कानात घालायला ५-६ मिलिमीटरची कॅप्सूल हवी.

एवढं करूनही समोरचा आवाज सगळ्यांना समोर ऐकू येईलच असं नाही. रेकॉर्डिंग तुमच्या कानांचं आणि ऐकणारे कान दुसऱ्याचे. शिवाय प्रत्यक्षात आपण मान थोडी वळवतो आणि आवाज कुठल्या कानाकडे सरकला यावरून पुढचं-मागचं ठरवतो. स्थिर रेकॉर्डिंगमध्ये मान वळवली की सगळं जगच सोबत वळतं. म्हणून महत्त्वाचा आवाज शून्य अंशावर ठेवू नका. ३० ते ६० अंशांवर ठेवा, किंवा हलता ठेवा.

सोल्डरगन

सूंऽऽ आणि डावीकडचा झुकाव या दोन गोष्टींवर लिहितो.

कॅप्सूलचा स्वतःचा नॉइज काढायची रीत सोपी आहे: ९४ वजा सिग्नल-टू-नॉइज. तुमची ६० ची म्हणजे ३४ डेसिबल ए (कानाच्या संवेदनशीलतेनुसार मोजलेले डेसिबल). शांत जंगलातली पहाट २०-२५ डेसिबल ए पर्यंत खाली जाऊ शकते. म्हणजे मायकच जंगलापेक्षा जोरात बोलतोय. रेकॉर्डरचा गेन वाढवून यात काहीही फरक पडणार नाही. प्रिमोची ईएम२७२ ही कॅप्सूल ८० डेसिबलची आहे, म्हणजे १४ डेसिबल ए. शिवाय तिची संवेदनशीलता जास्त असल्याने रेकॉर्डरच्या प्रीॲम्पचा नॉइजही मागे पडतो. पण तिचा व्यास १० मिलिमीटर. उलट डीपीए ४०६० सारखा बारीक मायक ५.४ मिलिमीटरचा, कानात चपखल, पण नॉइज २३ डेसिबल ए च्या आसपास. लहान पडदा म्हणजे जास्त नॉइज, यातून सुटका नाही. म्हणून शांत जागेसाठी डमी हेडमध्ये मोठी कॅप्सूल, आणि तालमीसाठी स्वतःच्या कानात छोटी कॅप्सूल, अशी वाटणी मला पटते. ईएम२७२ बद्दल एक सावधगिरी: प्लग-इन पॉवरवर मोठ्या आवाजाला ती लवकर फाटते. गायनसमूहाच्या अगदी पुढ्यात ती लावू नका.

आता जोडी जुळवणं. दोन्ही कॅप्सूल एकमेकींना चिकटवून, तोंडं एकाच पातळीत, स्पीकरपासून १ मीटरवर बरोबर मध्यात ठेवा. पिंक नॉइज (सगळे सूर असलेला सलग खसखसाट) ३० सेकंद रेकॉर्ड करा. कॉम्प्युटरवर १ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं लो-पासने काढा, कारण तिथे कॅप्सूलमधलं सेंटिमीटरभर अंतरही नडतं. मग एका चॅनेलची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटी करून दोन्ही मोनोत मिसळा आणि एका चॅनेलच्या तुलनेत उरलेली पातळी किती खाली गेली ते पाहा. १९ डेसिबल खाली म्हणजे दोघींत १ डेसिबलचा फरक. २५ खाली म्हणजे अर्धा डेसिबल. २५ च्या पुढे गेलात की पुरे. उलट मिसळल्यावर आवाज कमी न होता वाढलाच, तर एका कॅप्सूलची जोडणीच उलटी आहे.

सोल्डर करताना: कॅप्सूलच्या मागच्या दोन पट्ट्यांपैकी जी धातूच्या कवचाला जोडलेली दिसते ती ग्राउंड. जॅकचं टोक डावं, मधली कडी उजवं, मुळाशी ग्राउंड. सोल्डरिंग आयर्न ३२०-३५० अंशांवर, एका सांध्याला दोन सेकंदांपेक्षा जास्त नाही. आधी वायरला कथील लावून घ्या, मग फक्त टेकवायचं. जास्त तापलं की आतला एफईटी (छोटा ट्रान्झिस्टर) जातो, किंवा इलेक्ट्रेटचा भार उतरून संवेदनशीलता कमी होते. हे दुसरं लवकर लक्षात येत नाही. कॅप्सूल चालू असते, फक्त जोडीदारणीपेक्षा २-३ डेसिबल मंद. तुमचा डावा झुकाव यातूनही आलेला असू शकतो.

दोन्ही मायक एकाच रेकॉर्डरला हवेत हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो, कारण दोन स्वतंत्र रेकॉर्डर खिशात ठेवून नंतर जुळवायची कल्पना वारंवार पुढे येते. दोन घड्याळांत दहा लाखांत १० भागांचा फरक असला तरी तासाभरात ३६ मिलिसेकंद सरकतात. इथे हिशेब मायक्रोसेकंदांचा आहे.

रेकॉर्डरवर ऑटो गेन बंद, लिमिटर बंद, लो-कट दोन्हीकडे सारखा. शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास राहतील एवढाच गेन.

रानवाट

दोघांचेही आभार. 'स्पेशिअल ऑडिओ' बंद केल्यावर आवाज डोक्याबाहेर आला, विशेषतः बाजूचे आवाज. जोडीची चाचणी केली, उरलेली पातळी १४ डेसिबलच खाली गेली. पोलॅरिटी बरोबर आहे. हा फरक गेनने भरून काढला तर चालेल का? आणि शांत जागेसाठी डमी हेड स्वतः बनवायचं तर डोकं कशाचं घ्यावं?

सोल्डरगन

१४ म्हणजे जवळपास १.९ डेसिबलचा फरक, बराच आहे. आधी दोष कुठे आहे ते शोधा. दोन्ही कॅप्सूल रेकॉर्डरच्या इनपुटला अदलाबदल करून जोडा आणि चाचणी पुन्हा करा. झुकाव बाजू बदलत असेल तर कॅप्सूल दोषी, तिथेच राहत असेल तर रेकॉर्डर. रेकॉर्डरचा फरक सगळ्या पट्ट्यांत सारखा असतो, तो गेनने भरा आणि विसरून जा. कॅप्सूलचा फरक असेल तर एक-तृतीयांश ऑक्टेव्हच्या बँडमध्ये मोजा. सगळीकडे १.९ च असेल तर गेन चालेल. खालच्या सुरांत वेगळा आणि वर वेगळा असेल तर ती जोडी मोडा. आठ-दहा कॅप्सूल एकदम घेऊन त्यांतली जुळणारी जोडी निवडणं हाच खरा उपाय.

डमी हेडसाठी दुकानात टोप्या मांडायला ठेवतात तसं थर्मोकोलचं डोकं बहुतेक जण घेतात. आकार चालतो, पण ते फार हलकं असतं आणि कानासाठी आरपार भोक पाडलं की दोन कॅप्सूलमध्ये बोगदाच तयार होतो. खालचे सूर त्यातून इकडचे तिकडे जातात. पोकळ प्लास्टिकचं डोकं घेतलं तर आतून वाजतं. पोकळ असेल तर वाळू किंवा प्लास्टर भरा, थर्मोकोल असेल तर दोन्ही बाजूंनी वेगवेगळी खोबणी करा आणि मध्ये किमान ८ सेंटिमीटर भरीव ठेवा. कानांच्या मुखांमधलं अंतर १४.५ ते १५ सेंटिमीटर, डोक्याचा घेर ५६-५७ सेंटिमीटर. यापेक्षा रुंद डोकं घेतलंत तर ऐकणाऱ्याला बाजूचे आवाज ताणल्यासारखे येतील.

कान मऊ सिलिकॉनचे, डावा-उजवा आरशातल्यासारखे जुळणारे, डोक्यावर एकाच उंचीला आणि एकाच कोनात. एक कान पाच अंश पुढे वळला तरी वरच्या सुरांत दोन बाजू वेगळ्या वाजतात. कॅप्सूल पाळीच्या मागून बसवा आणि तिचा चेहरा मुखाच्या पातळीला आणा. मध्ये ५-७ मिलिमीटरची पोकळी राहिली की तिचा स्वतःचा अनुनाद सुरू होतो. कडा सिलिकॉन सीलंटने हवाबंद करा, नाहीतर खालचे सूर गळतात. मान आणि खांदे द्या, छातीवर सुती कापड. खांद्यावरून येणारं परावर्तन उंचीचा अंदाज द्यायला मदत करतं.

पावसासाठी: थेंब डोक्यावर पडले तर तेवढेच ऐकू येतील. छत्री धरली तर ती ढोल वाजवेल. वर दीड-दोन मीटरवर काथ्याचा किंवा सिंथेटिक तंतूंचा जाळीदार, ४-५ सेंटिमीटर जाड थर तिरपा ताणा. थेंब त्यात आवाज न करता विरतात आणि पाणी एका कडेने निथळतं. इलेक्ट्रेटला दव चालत नाही, ओलावा शिरला की फट्‌ फट्‌ सुरू होतं. वापरात नसताना सिलिका जेलसोबत बंद डब्यात ठेवा, आणि थंड खोलीतून दमट हवेत नेल्यावर अर्धा तास डबा उघडू नका.

गोलक

ॲम्बिसॉनिकची बाजू कोणी मांडलेली नाही म्हणून लिहितो. ती पद्धत मायकल गर्झन यांनी १९७० च्या दशकात उभी केली. चार कॅप्सूल चतुष्फलकाच्या तोंडांवर असतात. त्यांचा कच्चा आवाज म्हणजे ए-फॉरमॅट. त्यातून गणिताने चार चॅनेल काढतात: डब्ल्यू हा सर्व दिशांचा, एक्स पुढे-मागे, वाय डावं-उजवं, झेड वर-खाली. यात डोकं रेकॉर्ड होत नाही, ते ऐकताना चढवलं जातं. हाच त्याचा मोठा फायदा: नंतर दृश्य फिरवता येतं, मान वळवली की जग जागेवर राहतं आणि ऐकणाऱ्याला आपल्या कानांशी जुळणारा एचआरटीएफ (डोकं आणि कान प्रत्येक दिशेचा आवाज कसा बदलतात त्याचं माप) निवडता येतो. कर्णपाळी यांनी सांगितलेला पुढच्या-मागच्याचा गोंधळ मान वळवता आली की जवळपास मिटतो.

मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. पहिल्या ऑर्डरचं (म्हणजे चार चॅनेलचं) ध्वनिक्षेत्र डोक्याएवढ्या जागेत सुमारे ६०० हर्ट्झपर्यंतच बरोबर उभं राहतं. तिसऱ्या ऑर्डरला ही हद्द साधारण १,८०० हर्ट्झवर जाते, पण चॅनेल १६ लागतात, कारण ऑर्डरमध्ये एक मिळवून वर्ग करायचा. हद्दीच्या वर दिशा पसरट होते आणि जुन्या पद्धतीच्या डीकोडरमध्ये (या चॅनेलमधून हेडफोनसाठीचा आवाज बनवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) आवाज मंदही वाटतो. म्हणून मॅगएलएस पद्धतीचा डीकोडर वापरा. तो हद्दीच्या वर फेजचा हट्ट सोडून फक्त पातळी जुळवतो, आणि वरच्या सुरांत कानाला पातळीच जास्त कळते. ग्राझच्या संस्थेचा आयईएम प्लगइन संच मोफत आहे. त्यातला बायनॉरलडीकोडर नॉयमनच्या केयू १०० या डमी हेडचे एचआरटीएफ वापरतो आणि सीनरोटेटर दृश्य फिरवतो. चार किंवा सोळा चॅनेलचा ट्रॅक सहज उघडणारा रीपर हा ध्वनिसंपादनाचा प्रोग्रॅम त्यासाठी सोयीचा.

चुका कुठे होतात? ए-फॉरमॅटच्या चार चॅनेलना वेगवेगळा गेन, ईक्यू किंवा नॉइज रिडक्शन कधीच देऊ नका. रूपांतर त्या मायकच्याच प्लगइनने करा. आणि फॉरमॅटचा गोंधळ: जुना फ्यूमा क्रम डब्ल्यू-एक्स-वाय-झेड असतो आणि त्यात डब्ल्यू ३ डेसिबल खाली ठेवलेला असतो. आजचा ॲम्बिक्स डब्ल्यू-वाय-झेड-एक्स असतो. फ्यूमा फाइल ॲम्बिक्स समजून उघडली की समोरचा आवाज डावीकडे, डावीकडचा डोक्यावर आणि वरचा समोर येतो. हे लक्षण दिसलं की दुसरं काही शोधत बसू नका. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला मायकभोवती समोर, डावीकडे, मागे, उजवीकडे आणि वर तोंडाने दिशा बोलत टाळी वाजवा, पुढे तपासायला तेवढं पुरतं.

चार चॅनेल, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला सेकंदाला ५,७६,००० बाइट लागतात. साध्या वेव्ह फाइलची ४ जीबीची मर्यादा दोन तासांत गाठली जाते. पहाटेचं रेकॉर्डिंग रात्री लावून ठेवणार असाल तर रेकॉर्डर फाइल आपोआप तोडतो का आणि तोडताना सॅम्पल गळतात का ते आधी पाहा.

खर्ज

गोलक यांचं म्हणणं पटतं, पण तालमीसाठी नाही. ऐकणारा एका जागी बसून, साध्या हेडफोनवर, मान न वळवता ऐकणार असेल तर पहिल्या ऑर्डरचा ॲम्बिसॉनिक मायक चांगल्या डमी हेडपुढे फिका पडतो. पंधरा आवाज एकमेकांपासून वेगळे कळणं वरच्या सुरांतल्या दिशेवर अवलंबून असतं, आणि ते नेमकं ६०० हर्ट्झच्या वर घडतं. फोनच्या किंवा चष्म्याच्या हेड-ट्रॅकिंगवर (मान किती वळली ते मोजून आवाज फिरवणं) द्यायचं असेल तरच ॲम्बिसॉनिक. दोन्ही एकदम लावायला हरकत नाही, पण ते दोन ट्रॅक एकमेकांत मिसळू नका. मायकमधल्या अंतरामुळे कंगव्यासारखे खड्डे पडतात.

समूह अर्धवर्तुळात उभा करा, डोक्याच्या डाव्या ६० अंशांपासून उजव्या ६० अंशांपर्यंत, २ ते ३ मीटरवर. डोक्याची उंची गाणाऱ्यांच्या तोंडाएवढी. कोरड्या खोलीत आवाज डोक्यात शिरतो. भिंतींवरून येणारी परावर्तनं आवाज बाहेर ढकलतात, म्हणून पडदे सगळे ओढून घेऊ नका. मात्र डोकं एखाद्या भिंतीपासून मीटरभराच्या आत नको, तिथलं पहिलं परावर्तन चित्र त्या बाजूला ओढतं.

स्वतःच्या कानात मायक घालून घेणार असाल तर नजर एका खुणेवर खिळवा. तुम्ही मान वळवलीत की ऐकणाऱ्याभोवती अख्खा समूह फिरतो. गिळणं, कॉलरची घासण, श्वास हे सगळं अगदी स्पष्ट येतं. मायकची वायर मानेमागे टेपने चिकटवा.

हेडफोनबद्दल अजून कोणी बोललेलं नाही. डोक्यावरच्या हेडफोनमध्ये ऐकणाऱ्याची पाळी पुन्हा एकदा आवाज रंगवते, इअरबडमध्ये तेवढं होत नाही. केयू १०० सारखी डमी हेड डिफ्यूज-फील्डला (सगळ्या दिशांनी सारखा येणाऱ्या आवाजाला) समतल केलेली असतात, त्यामुळे डिफ्यूज-फील्डच्या जवळचा हेडफोन त्यांना शोभतो. तुमच्या घरगुती डोक्यालाही तेच करता येईल. पाच-सहा दिशांनी पिंक नॉइज वाजवून दोन्ही कानांच्या मापाची सरासरी काढा, त्याच जागी ठेवलेल्या साध्या ओम्नी (सर्व दिशांनी सारखं ऐकणाऱ्या) मापन-मायकशी ती ताडून बघा आणि फरकाची मऊ उलटी वक्ररेषा दोन्ही चॅनेलना सारखीच लावा. अरुंद खड्डे भरायला जाऊ नका, दिशेची माहिती त्यांतच असते. वक्ररेषा एका ऑक्टेव्हपर्यंत गुळगुळीत केली तरी पुरते.

हेडफोनची डावी-उजवी बाजू जुळते का तेही पाहा. मोनो पिंक नॉइजचे अरुंद पट्टे एकामागून एक ऐका: २५० हर्ट्झ, १ किलोहर्ट्झ, ४ किलोहर्ट्झ, ८ किलोहर्ट्झ. सगळे मध्यात राहिले पाहिजेत. एखादा बाजूला सरकला तर हेडफोन उलटा घालून पुन्हा ऐका. हेडफोनसोबत बाजू बदलली तर दोष हेडफोनचा. आवाजाची पातळी प्रत्यक्षाएवढीच ठेवा. जंगल मोठ्याने वाजवलं की ते जवळ येतं आणि खोली संपते.

रानवाट

डमी हेडचं आणि तालमीच्या मांडणीचं स्पष्ट झालं. ॲम्बिसॉनिकसाठी एक शेवटचा प्रश्न: एचआरटीएफ निवडायचा कसा? आणि हेड-ट्रॅकिंगला किती उशीर चालतो?

गोलक

एचआरटीएफचे संच सोफा फॉरमॅटमध्ये मिळतात. हा फॉरमॅट एईएस६९ म्हणून २०१५ मध्ये प्रमाणित झाला. आयईएमचा डीकोडर स्वतःच्या संचालाच धरून असतो. वेगळा संच चढवायचा असेल तर आल्तो विद्यापीठाच्या स्पार्टा संचातला ॲम्बीबिन वापरा, तो सोफा फाइल घेतो. पाच-सहा वेगवेगळ्या माणसांचे संच उतरवून घ्या. एक कोरडा, रुंद पट्टीचा आवाज घ्या, पिंक नॉइजचे अर्ध्या सेकंदाचे ठोके उत्तम. तो शून्य, ४५, १३५, १८० अंश अशा जागांवर आणि ४५ अंश वर असा क्रम न सांगता फिरवा आणि कुठून आला ते लिहून काढा. ज्या संचात पुढचा-मागचा गोंधळ सर्वात कमी होतो तो तुमचा. कुठला 'छान वाजतो' यावर निवडू नका. झळझळीत वाजणारा संच हमखास आवडतो आणि बऱ्याचदा दिशेला चुकतो. डोकं सरासरीपेक्षा बरंच लहान किंवा मोठं असेल तर बाजूचे आवाज अपेक्षेपेक्षा आधी किंवा उशिरा कडेला पोचतात, तेव्हा त्या मापाच्या डोक्याचा संच शोधा.

उशीर सेन्सरपासून कानापर्यंत एकूण मोजायचा आणि तो ६० मिलिसेकंदांच्या आत हवा. त्याच्या पुढे मान वळवल्यावर जग मागून ओढलं गेल्यासारखं येतं. साधं ब्लूटूथ एकट्यानेच ही हद्द ओलांडतं, म्हणून वायरचा हेडफोन लावा आणि बफर २५६ सॅम्पलवर आणा. ४८ किलोहर्ट्झला ते ५.३ मिलिसेकंद होतात. ट्रॅकर हेडफोनच्या पट्टीवर मधोमध घट्ट बसवा आणि दर वेळी समोर पाहून शून्य करून घ्या. जायरो (ट्रॅकरमधला वळण मोजणारा सेन्सर) हळूहळू सरकतो आणि वीस मिनिटांनी समूह तुमच्या खांद्याशी जाऊन उभा राहतो. तसं झालं तर मायक किंवा डीकोडर तपासत बसू नका, पुन्हा शून्य करा.